अंगभर मांस आणि चांगले मांस: जनुकांचा हिशेब नव्याने शिकणाऱ्यांसाठी

देवनारच्या पशुवधगृहात साधारण एकाच वजनाच्या दोन रेड्यांची सोललेली धडे शेजारीशेजारी टांगलेली असली, की नवशिक्याची नजर आधी पुठ्ठ्यावर जाते आणि ज्याचा पुठ्ठा भरलेला तो रेडा उत्तम, असा निकाल तो मनातल्या मनात देऊन मोकळा होतो. तिथेच उभा असलेला जुना खाटीक मात्र पाठीजवळचे मांस अंगठ्याने दाबून बघतो, चरबी कुठे आणि किती आहे ते बघतो, आणि पुष्कळदा त्याचा निकाल उलटा लागतो. दोघांचेही चुकलेले नसते, कारण दोघे दोन निराळे गुण मोजत असतात. जनावराच्या अंगावर मांस किती चढले हा एक गुण आहे आणि ते मांस खायला कसे निघाले हा दुसरा. त्यांच्यामागची जनुके बरीचशी वेगळी आहेत, आणि एक गुण ओढून वाढवला की दुसरा घसरतो असेही काही वेळा घडते. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नुकता प्रवेश घेतलेला विद्यार्थी असो, तबेला चालवणाऱ्या घरातला शिकलेला मुलगा असो किंवा मांसप्रक्रियेच्या धंद्यात नव्याने नोकरीला लागलेला तरुण असो, या विषयाचे वाचन त्याने या दोन गुणांची फारकत करूनच सुरू करावे.

पहिली पायरी: आपण कोणत्या जनावराबद्दल बोलत आहोत ते ठरवा

या विषयावरचे बहुतेक संशोधन अमेरिका, ऑस्ट्रेलिया, युरोप आणि जपानमधल्या मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या गोवंशावर झालेले आहे. महाराष्ट्रात १९७६ च्या पशुसंरक्षण कायद्याच्या दुरुस्तीला २०१५ साली राष्ट्रपतींची संमती मिळाल्यापासून गाईबरोबरच बैल आणि वळू यांच्या कत्तलीलाही बंदी आहे. त्यामुळे मुंबईत बसून अँगस किंवा शारोले जातीबद्दल वाचणाऱ्याने ते वाचन तत्त्व समजून घेण्यासाठी करायचे आहे, आणि प्रत्यक्ष निरीक्षण म्हैस, रेडा, शेळी आणि मेंढी यांच्यावर करायचे आहे. १९७१ पासून चालू असलेल्या देवनारमध्ये आणि शहराच्या मांसबाजारात आपल्याला तेच दिसते, आणि भारतातून निर्यात होणारे मांसही बहुतांशी म्हशीचेच असते.

इथे एक घाई टाळावी. गाईच्या पेशीत ६० गुणसूत्रे असतात आणि मुऱ्हा, जाफराबादी, पंढरपुरी अशा आपल्या नदीकाठच्या म्हशींच्या पेशीत ५०. दोघींची जनुके पुष्कळ मिळतीजुळती आहेत, पण गाईमध्ये सापडलेली एखादी डीएनएची खूण म्हशीतही तोच परिणाम दाखवील असे धरून चालता येत नाही. ती म्हशींच्या कळपात नव्याने तपासावी लागते. जनुकाचे काम सहसा सारखे असते, पण त्याची जी रूपे गाईत आढळतात तीच म्हशीत आढळतील असे नाही. परदेशी लेख वाचताना हा फरक मनात नसला, तर पुढचा सगळा हिशेब चुकतो.

दुसरी पायरी: गुणाला माप लावा

‘जनावर मांसल आहे’ हे वाक्य बाजारात चालते, अभ्यासात चालत नाही. अभ्यासात प्रत्येक गुणाला एक माप लागते, आणि जे मोजले नाही त्याची निवडही करता येत नाही. जिवंतपणीचे सर्वांत साधे माप वजनाचे. वजनकाटा नसेल तर शिंप्याच्या टेपने पुढच्या पायांमागून छातीचा घेर घ्यावा, खांद्याच्या टोकापासून माकडहाडाजवळच्या हाडापर्यंत लांबी घ्यावी, दोन्ही इंचांत लिहावीत, घेराचा वर्ग करून लांबीने गुणावे आणि ६६० ने भागावे, म्हणजे वजन किलोत मिळते. घेर ६६ इंच आणि लांबी ५४ इंच भरली तर उत्तर सुमारे ३५६ किलो येते. हा अंदाज आहे, काटा नव्हे; म्हशीच्या मोठ्या पोटामुळे तो थोडा इकडेतिकडे होतो. तरीही त्याच माणसाने, त्याच टेपने, सकाळी चारा घालण्याआधी दर महिन्याला घेतलेली मापे एकमेकांशी ताडून बघायला पुरेशी असतात.

कत्तलीनंतरचे पहिले माप म्हणजे उतारा: जिवंत वजनाच्या किती टक्के वजनाचे सोललेले धड मिळाले. मांसासाठी घडवलेल्या परदेशी जातींत तो ६० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून वर जातो, आपल्या म्हशींत तो ५० च्या आसपास किंवा खाली राहतो, कारण म्हशीचे कातडे, डोके आणि पोट जड असते. म्हणजे उताऱ्यातला सगळा फरक स्नायूंचा नसतो. हा मुद्दा परीक्षेत हमखास विचारला जातो आणि बाजारात हमखास विसरला जातो.

त्यानंतर धडाचा छेद. अमेरिकेत धड बाराव्या आणि तेराव्या बरगडीच्या मध्ये कापून पाठीच्या स्नायूचा उघडा पडलेला भाग बघतात. त्याचे क्षेत्रफळ मोजतात आणि त्यातली चरबीची बारीक जाळी, म्हणजे मार्बलिंग, पाहून प्राइम, चॉइस, सिलेक्ट अशा प्रती लावतात. जपानमध्ये छेद सहाव्या आणि सातव्या बरगडीच्या मध्ये घेतात आणि चरबीजाळीला १ ते १२ असे अंक देतात. युरोपचा भर मात्र धडाच्या आकारावर आणि वरच्या चरबीच्या थरावर आहे, म्हणून तिथला विजेता जपानमध्ये मागे पडू शकतो. कोणत्या देशाने काय मोजले यावरून तिथल्या जाती घडल्या आहेत, हे लक्षात आले की परदेशी जातींची निम्मी यादी पाठ करावी लागत नाही.

मऊपणासाठी शिजवलेल्या मांसाचा अर्ध्या इंच व्यासाचा गोल तुकडा काढून तो पात्याने कापायला किती जोर लागतो ते यंत्रावर मोजतात. घरी आपण ‘मटण कोवळे निघाले’ किंवा ‘निबर निघाले’ म्हणतो ते याच मापाचे तोंडी रूप आहे.

तिसरी पायरी: वंशाचे किती आणि खाद्याचे किती, हे वेगळे करा

ही पायरी कंटाळवाणी वाटते आणि म्हणून बहुतेक जण ती उडी मारून थेट जनुकांच्या नावांकडे जातात. मीही तसेच केले होते, आणि त्याचे फळ मला लवकरच मिळाले. शिकत असताना गोरेगाव बाजूच्या एका तबेल्यात मी दहा महिन्यांच्या आसपासच्या दोन टोणग्यांची मापे घेतली. एकाच्या छातीचा घेर दुसऱ्यापेक्षा जवळजवळ वीतभर जास्त भरला, आणि मी वहीत त्याच्यापुढे ‘उत्तम वंश’ असे लिहून खाली दोन रेघाही ओढल्या. धारा काढणारे काका बादली खाली ठेवून म्हणाले, “डॉक्टर, वंशाचं काय घेऊन बसलात, याची आई पिल्लू लावल्याशिवाय पान्हाच सोडत नव्हती. हा रोज पोटभर प्याला. तो दुसरा चौथ्या दिवसापासून पेंडीच्या पाण्यावर आहे.” मी मोजला तो वंश नव्हता, आईचा हट्ट होता. त्या वहीतल्या दोन रेघा मी नंतर खोडल्या नाहीत, मुद्दाम तशाच ठेवल्या.

एकाच कळपातल्या, एकाच ऋतूत जन्मलेल्या, एकाच प्रकारे वाढवलेल्या जनावरांमध्येही फरक दिसतोच. त्या फरकापैकी जो वाटा आईबापांकडून पुढच्या पिढीत जाऊ शकणाऱ्या जनुकांमुळे असतो त्याला हेरिटॅबिलिटी म्हणतात. आपण त्याला वारशाचा वाटा म्हणू. मांसाच्या गोवंशात वर्षाच्या वजनासाठी तो साधारण ०.४, पाठीच्या स्नायूच्या क्षेत्रफळासाठी ०.४, चरबीजाळीसाठी ०.४ ते ०.५, मऊपणासाठी ०.२५ ते ०.३ आणि गाभण राहण्यासारख्या गुणांसाठी ०.१ किंवा त्याहून कमी येतो. दूध तुटण्याच्या वेळच्या वजनासाठी हा वाटा वर्षाच्या वजनापेक्षा कमी येतो, कारण त्यात आईच्या दुधाचा हात असतो. गोरेगावच्या टोणग्याने मला हेच शिकवले. हा आकडा एका जनावराचा नसून कळपाचा असतो, हेही ध्यानात ठेवावे. ‘या रेड्याचे वजन चाळीस टक्के वंशाने आले’ असे म्हणणे चूक आहे.

आता हा आकडा वापरून बघू. समजा एका कळपाचे वर्षाच्या वयाचे सरासरी वजन २२० किलो आहे. पैदाशीसाठी आपण निवडलेल्या नरांची सरासरी २५० आणि माद्यांची २३० आहे. नरांची आघाडी ३०, माद्यांची १०, म्हणून आईबापांची सरासरी आघाडी २० किलो. वारशाचा वाटा ०.४ धरला तर पुढच्या पिढीत त्यातले ८ किलोच उतरतील, म्हणजे पिल्लांची सरासरी २२८ च्या आसपास येईल, २४० नव्हे. एका पिढीला पाच वर्षे लागली तर वर्षाला १.६ किलो. नवख्याला हा आकडा पाहून निराशा वाटते; पण खाद्याने आलेली वाढ खाद्य बंद केले की जाते, आणि ही मिळालेली वाढ पुढच्या प्रत्येक पिढीत टिकून राहते.

याच गणिताचे मोठे रूप म्हणजे परदेशी वळूंच्या यादीत दिसणारा ईपीडी हा आकडा. वळूच्या स्वतःच्या, भावंडांच्या, मुलांच्या सगळ्या नोंदी एकत्र करून, खाद्य आणि हवामानाचा परिणाम वजा करून, त्याच्या संततीत दिसू शकणाऱ्या फरकाचा तो अंदाज असतो. एका वळूचा वर्षाच्या वजनाचा आकडा २० पौंड आणि दुसऱ्याचा ८ असेल, तर सारख्या परिस्थितीत पहिल्याची वासरे सरासरीने १२ पौंड जड भरतील, एवढाच त्याचा अर्थ. २० पौंड जास्त म्हणजे कोणापेक्षा, हा प्रश्न त्या एकट्या आकड्याला विचारता येत नाही.

चौथी पायरी: एक मोठे जनुक नीट समजून घ्या

मांसाच्या वाढीवर शेकडो जनुकांचा थोडाथोडा परिणाम होतो. त्यातले एक मात्र इतके ठळक आहे की त्याच्यावर वेळ घालवणे परवडते. त्याचे नाव मायोस्टॅटिन. हे प्रथिन स्नायूला ‘आता पुरे’ असे सांगण्याचे काम करते. १९९७ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सी-जिन ली आणि अलेक्झांड्रा मॅकफेरॉन यांनी उंदरांमध्ये हे जनुक निकामी केले, तेव्हा त्या उंदरांचे स्नायू नेहमीच्या दुप्पट-तिप्पट वजनाचे झाले. त्याच वर्षी गोवंशातला पुरावाही पुढे आला: बेल्जियन ब्लू नावाची जी जात पिढ्यान्‌पिढ्या दुहेरी पुठ्ठ्यासाठी ओळखली जात होती, तिच्या मायोस्टॅटिन जनुकातली डीएनएची ११ अक्षरे गळलेली निघाली. अक्षरे गळल्यामुळे प्रथिन अर्धवट बनते आणि ‘पुरे’ म्हणणारे कोणी उरत नाही. इटलीच्या पिएमोन्तेसे जातीत अक्षरे गळलेली नाहीत. तिथे एकाच अक्षराच्या बदलाने प्रथिनातला ३१३ वा अमिनो आम्लाचा दाणा सिस्टिनऐवजी टायरोसिन झाला आहे, आणि परिणाम जवळपास तोच.

या जनावरांत स्नायूंच्या तंतूंची संख्याच वाढलेली असते. संख्या आईच्या पोटातच बहुतांशी ठरून जाते; जन्मल्यानंतर खाद्याने आणि व्यायामाने तंतू जाड होतात, नवे तंतू जवळजवळ बनत नाहीत. म्हणून गाभण जनावराची उपासमार झाली तर पिल्लाच्या मांसाचे नुकसान पुढे भरून निघणे अवघड असते. तबेल्यात भाकड झालेल्या गाभण म्हशीचा खुराक सर्वांत आधी तोडला जातो, आणि त्या तोडीची किंमत दोन वर्षांनी देवनारमध्ये कळते, पण तोवर म्हैस आणि टोणगा दोघांचे मालक बदललेले असतात.

दुहेरी पुठ्ठ्याची दुसरी बाजूही पाहावी. बेल्जियन ब्लू जातीत वासरू मोठे आणि आईचा विण्याचा मार्ग अरुंद, त्यामुळे बहुतेक गाई शस्त्रक्रियेनेच वितात. या जनावरांची हाडे बारीक असतात, अंतर्गत अवयव शरीराच्या मानाने लहान असतात आणि उष्णतेचा ताण त्यांना लवकर जाणवतो. मे महिन्यातल्या मुंबईत, पत्र्याखाली, घाम वाळू न देणाऱ्या दमट हवेत असे जनावर पाळण्याची कल्पना मला तरी करवत नाही. प्रत्येक जनावरात एका जनुकाच्या दोन प्रती, म्हणजे नकला, असतात: एक आईकडून आलेली, एक बापाकडून. हे बिघडलेले जनुक उपयोगी आहे ते एका प्रतीत. दोन प्रती असलेला वळू साध्या गाईंना लावला तर प्रत्येक वासराला एकच प्रत मिळते. मांस थोडे वाढते, विण्याचा त्रास त्या मानाने कमी राहतो. युरोपात दुधाच्या गाईंना बेल्जियन ब्लूचे रेत भरतात ते याचसाठी. मात्र त्या संकरित कालवडी पैदाशीसाठी ठेवल्या आणि एकच प्रत असलेला वळू लावला, तर चारांत सरासरी एक वासरू दोन प्रतींचे जन्मते आणि डॉक्टरला रात्री उठावे लागते. कागदावर चार चौकोन काढून हे वाटप स्वतः करून बघावे, म्हणजे कायमचे लक्षात राहते.

याच जनुकाचा एक सौम्य बदल लिमुझीन जातीत आहे, आणि टेक्सेल मेंढ्यांमधला बदल तर प्रथिनाला हातही लावत नाही, फक्त त्याचे उत्पादन कमी करतो. मेंढ्यांवरून आठवले: फलटणच्या निंबकर संस्थेने बंगालच्या गरोळ मेंढीतले जुळ्यांचे जनुक आपल्या दख्खनी मेंढीत आणून ‘नारी सुवर्णा’ घडवली. ते जनुक मायोस्टॅटिनच्याच विस्तृत कुळातल्या संदेशांशी जोडलेले आहे, पण त्याने मेंढीमागे कोकरांची संख्या वाढते, कोकराचा पुठ्ठा नव्हे. कळपातून वर्षाला किती किलो मांस निघाले हा हिशेब मांडला, तर हा आडवा रस्ता पुठ्ठ्याच्या सरळ रस्त्यापेक्षा पुष्कळदा लवकर पोहोचवतो.

पाचवी पायरी: मऊपणा वाढीहून वेगळा वाचा

जनावर कापल्यावर मांस लगेच मऊ नसते. काही तासांत ते ताठरते आणि नंतर, थंड जागी टांगून ठेवले तर, दिवसागणिक सैल होते. हे सैल करण्याचे काम कॅल्पेन नावाचे विकर (एन्झाइम) करते. ते स्नायूतल्या प्रथिनांचे सांधे तोडते. त्याला आवर घालणारे दुसरे प्रथिन म्हणजे कॅल्पास्टॅटिन. गाईत कॅल्पेनचे जनुक २९ व्या आणि कॅल्पास्टॅटिनचे सातव्या गुणसूत्रावर आहे, आणि दोन्ही जनुकांच्या काही रूपांचा मऊपणाशी संबंध अनेक कळपांत दाखवला गेला आहे.

वाढ आणि मऊपणा यांची भांडणे नेमकी इथे लागतात. जिवंतपणी स्नायू एकीकडे बनत असतो आणि दुसरीकडे मोडत असतो. मोड कमी झाली तरी स्नायू वाढतो. मोड रोखणारे कॅल्पास्टॅटिन भरपूर असेल तर जनावर पुष्ट दिसेल, पण कत्तलीनंतरही तेच प्रथिन कॅल्पेनला अडवून बसेल. अमेरिकेतल्या ओक्लाहोमात १९८३ साली जन्मलेल्या ‘सॉलिड गोल्ड’ नावाच्या मेंढ्यापासून कॅलिपीज ही मेंढ्यांची वंशरेषा निघाली. तिचे पुठ्ठे पाहून सगळे हरखले, पण पाठीचे मांस चावता चावेना, आणि कॅल्पास्टॅटिन वाढलेले आढळले. पिएमोन्तेसे आणि बेल्जियन ब्लूमध्ये मात्र मांस वाढूनही बऱ्यापैकी मऊ राहते, कारण तिथे वाढ तंतूंच्या संख्येने झालेली असते आणि तंतूंना बांधून ठेवणारे कोलॅजन कमी असते. मांस वाढले एवढे ऐकून पुढे जाऊ नये. ते कोणत्या वाटेने वाढले हे विचारावे.

वशिंडाच्या जनावरांचा प्रश्न याच पायरीवर येतो, आणि तो आपल्या जिव्हाळ्याचा आहे. अमेरिकेतली ब्रह्मन जात आपल्याकडून गेलेल्या गीर, कांकरेज, ओंगोल आणि कृष्णाकाठच्या कृष्णा खोरे या जातींतून घडली, आणि ब्राझीलमधले नेलोरे कळप ओंगोलचेच वंशज आहेत. ऊन, गोचीड आणि निकृष्ट चारा सोसण्यात ही जनावरे युरोपीय जातींना मागे टाकतात. पण त्यांच्या स्नायूत कत्तलीनंतर कॅल्पास्टॅटिनचा जोर जास्त राहतो, आणि रक्तातला वशिंडी हिस्सा वाढत गेला तसा मांसाचा मऊपणा सरासरीने घटतो. ऑस्ट्रेलियात मांसाची प्रत ठरवताना तर धडावरच्या वशिंडाची उंची मिलिमीटरमध्ये मोजतात आणि ती जास्त भरली की गुण कापतात. बैलपोळ्याला आपण ज्या वशिंडाला रंग लावून मिरवतो त्याचे तिकडे असे माप निघते, हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मला गंमतही वाटली आणि थोडे लागलेही. खिलार, डांगी, देवणी या जातींची निवड औतासाठी, चालीसाठी आणि दमासाठी झाली, ताटातल्या तुकड्यासाठी कधी झाली नाही, तेव्हा त्यांना या मापात कमी गुण पडण्यात त्यांचा काही दोष नाही.

आता मुंबईपुरता एक इशारा. इथे पहाटे कापलेले मांस दुपारपर्यंत विकले आणि शिजवले जाते. कॅल्पेनला काम करायला जे दिवस लागतात ते मिळतच नाहीत, म्हणून मऊपणाच्या जनुकांतला फरक आपल्या ताटात फारसा उमटत नाही. वय आणि शिजवण्याची रीत यांचाच प्रभाव दिसतो. उलट ताजे मांस आणल्या आणल्या फ्रीझरमध्ये कोंबले तर स्नायू थंडीने आखडतो आणि कोवळ्या बोकडाचे मटणही निबर लागते. ते दिवसभर साध्या फ्रिजमध्ये ठेवून मग गोठवावे. निर्यातीच्या कारखान्यात, जिथे धड थंड खोलीत टांगून ठेवतात, तिथे मात्र जनुकांचा हिशेब मांडण्यात अर्थ आहे.

सहावी पायरी: चरबी कुठे साठते ते बघा

जनावराच्या अंगावर आधी हाड, मग स्नायू आणि शेवटी चरबी भरते. चरबीतही आधी पोटातली, मग स्नायूंमधली आणि कातडीखालची, आणि तंतूंमधली बारीक जाळी सर्वांत शेवटी. अँगससारखी लहान बांध्याची, लवकर भरणारी जात ही जाळी लवकर धरते, शारोलेसारखी मोठ्या हाडाची जात उशिरा धरते, आणि जपानी काळ्या वाग्यू जातीत पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीने जाळी टोकाला गेली आहे. मायोस्टॅटिन बिघडलेल्या जनावरांत ती जवळजवळ नसते. या गुणावर एखादे राजा-जनुक नाही. डीजीएटी१ हे जनुक २००२ मध्ये दुधातल्या फॅटसाठी सापडले आणि मग मांसातही तपासले गेले, एससीडी हे चरबीचा मऊपणा बदलते, आणि थायरोग्लोब्युलिन जनुकातली एक खूण चरबीजाळीची चाचणी म्हणून विकलीही गेली, पण पुढे वेगवेगळ्या कळपांत तिचा परिणाम एकसारखा दिसला नाही. म्हशीच्या मांसात जाळी मुळातच कमी असते, आणि चरबी पांढरी दिसते, कारण म्हैस चाऱ्यातल्या कॅरोटीनचे जीवनसत्त्व अ करून टाकते. चरबी पिवळी की पांढरी यावरून जनावर ओळखण्याची खाटकांची जुनी रीत याच गोष्टीवर उभी आहे.

सातवी पायरी: चाचणी घेण्याआधी नोंदवही घ्या

२००९ साली एका हेरफर्ड गाईच्या डीएनएवरून गोवंशाचा संपूर्ण जनुकसंच वाचून प्रसिद्ध झाला. त्याच्या थोडे आधीपासून सुमारे पन्नास हजार खुणा एका वेळी वाचणारी चिप मिळू लागली होती, आणि म्यूविसेन, हेज व गोडार्ड यांनी २००१ मध्येच दाखवले होते की एकेका जनुकाचा शोध घेत बसण्याऐवजी सगळ्या खुणांचे छोटे छोटे परिणाम बेरजेत घेऊन जनावराची पैदास-किंमत काढता येते. मोठी जनुके मोजकीच असतात आणि बाकीचा वारसा असा चिल्लर नाण्यांत विखुरलेला असतो, म्हणून ही पद्धत चालते. आपल्याकडे देशी गोवंशासाठी ‘गौ चिप’ आणि म्हशींसाठी ‘महिष चिप’ यांचे अनावरण ५ ऑक्टोबर २०२४ रोजी आपल्याच राज्यात, वाशीमला झाले.

चिप ही पाटी आहे, तिच्यावर अक्षरे नोंदींची उमटतात. हजारो जनावरांची खरी वजने, खरी धडे, खरे मऊपणाचे आकडे डीएनएशी जोडून ठेवलेले नसतील, तर चिपमधून आलेला अंदाज कशाशी ताडून बघायचा? मुंबईच्या तबेल्यांत नेमकी हीच उणीव आहे. म्हैस हरियाणातून किंवा गुजरातेतून विकत येते, तिच्या बापाची नोंद नसते, ती दूध देते, भाकड झाली की विकली जाते, आणि टोणग्याची नोंद तर कोणी जन्मालाही करत नाही. एखादी प्रयोगशाळा केसांच्या मुळांवरून ‘वाढीचे जनुक’ सांगण्याचे पैसे मागत असेल तर तिला तीन प्रश्न विचारावेत: ही खूण म्हशींत तपासली आहे का, किती जनावरांवर तपासली, आणि ती वजनाशी जोडलेली आहे की मांसाच्या प्रतीशी. तिसऱ्या प्रश्नावर पुष्कळदा समोरचा माणूस थांबतो.

सुरुवात साधी करावी. कानातल्या बिल्ल्यावर १२ आकडी क्रमांक असतोच. वहीचे एक पान त्या क्रमांकाला द्यावे. त्यावर जन्मतारीख, आईचा क्रमांक, रेतकांडी (कृत्रिम रेतनाची नळी) वापरली असेल तर तिच्यावरचा वळूचा क्रमांक, जन्माचे वजन, आणि मग दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी चाऱ्याआधी घेतलेला छातीचा घेर आणि लांबी लिहावी. पिल्लू आईचे दूध किती दिवस प्याले, हा रकाना विसरू नये. माझ्या वहीत तो नव्हता. जनावर देवनारला गेले तर शक्य असेल तेव्हा धडाचे वजन विचारून त्याच पानावर लिहावे आणि उतारा काढावा. अशी शंभरएक पाने भरली, त्यांत एकाच रेड्याची पंधरा-वीस पिल्ले वेगवेगळ्या म्हशींपासून झालेली असली, आणि ती सगळी एका गोठ्यात एकाच खुराकावर वाढलेली असली, की त्या रेड्याच्या पिल्लांची सरासरी बाकीच्यांच्या सरासरीशी लावून बघता येते. चिपसाठी केसांचे नमुने काढायचे असतील तर ते त्याच पिल्लांचे काढावेत, आणि पाकिटावर बिल्ल्याचा क्रमांक पेन्सिलीने लिहावा, कारण तबेल्याच्या ओलीत शाई पसरते.